पुलरांचं स्थळ

आधीच सांगून ठेवते, शेवटपर्यंत ऐकलंत तर चहा मिळेल, मध्येच हसलात तर नाही. घोटाळा माझा आहे, म्हणून मीच सांगणार. दुसऱ्या कुणी सांगितला की त्यात मीठमसाला पडतो, आणि आमच्या वाडीत मीठमसाला घालायचं काम माझ्याशिवाय कुणाला नीट जमत नाही.

आमच्या घराला लागून बाळूभावजींचं घर. मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा. त्या गडग्याशी, शेवग्याखाली, मोबाइलला रेंज येते. वाडीत दुसरीकडे कुठे धड येत नाही. त्यामुळे बाळूभावजींना कुणाशी काही बोलायचं असलं की माझ्या कपडे धुवायच्या दगडापासून चार हातांवर उभं राहून, ओरडून बोलावं लागतं. आता तुम्हीच सांगा, ह्यात माझा काय दोष? मी कान लावत नाही हो. कान तिथे असतातच.

बाळूभावजींची एक पिकअप आहे. जुनी. किती जुनी? तर तिचा मूळ रंग कोणता, ह्यावर त्यांच्या घरात नवरा-बायकोचा अजून वाद आहे. जेटीवरून मासळी आणि बर्फ भरायचा आणि बाजारात न्यायचा, त्यावर घर चालतं. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चाकांवर गळून गळून गाडी अशी झालीय की लांबून मांजरं मागे लागतात.

तर ही गाडी आठवडाभर अंगणात चिऱ्यांवर टेकून उभी होती. पुढचं एक चाक काढलेलं, आणि खालून बाळूभावजींचे दोन पाय बाहेर. ठाण! ठाण! मी म्हटलं, करत असतील काहीतरी. पुरुषमाणसाला गाडीखाली जाऊन पडायला कारण लागत नाही.

आज मला विचाराल तर मी सांगेन, की चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्याला हब म्हणतात. आतलं बेअरिंग गेलं की हब ओढून काढावा लागतो, आणि तो गंजून जाम बसला असेल तर कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण हे आजचं शहाणपण. त्या शनिवारी मला हब ठाऊक नव्हता. मला ठाऊक होती ती मेघना.

मेघना म्हणजे बाळूभावजींची एकुलती एक लेक. पंचविशी उलटलेली, दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला जाते. पोरगी कशी? सोनं! लहानपणी आईने मारलं की गडगा ओलांडून माझ्याकडे पळून यायची. अर्ध्याहून जास्त माझ्याच घरात वाढली म्हणा ना. तिच्या लग्नाची काळजी तिच्या आईला जेवढी, तेवढी मला. नाही, मलाच जास्त. तिच्या आईला, म्हणजे सुगंधाला, कसलीच काळजी नसते. ती मालिका बघते.

तर शनिवारी दुपारी मी कपडे घासतेय, बाजूला विहिरीचा पंप चालू, आणि बाळूभावजी फोन कानाला लावून गडग्याशी आले. चेहरा असा पडलेला! मी पंप बंद केला. उगाच वीज कशाला जाळा?

"नाही हो, काही केल्या निघत नाही!" बाळूभावजी ओरडले. "जागा सोडायचं नाव नाही. एवढी वर्षं एकाच ठिकाणी, गंज चढणारच की!"

माझ्या हातातला साबण सुटला. स्वतःच्या पोरीला गंज चढला म्हणतो हा माणूस?

"सगळं करून बघितलं. गोडीगुलाबीने बघितलं, जोर लावून बघितलं. आता मारून मारून हात दुखायला लागले."

अगं बाई! मारून? मेघनाला? मी उठून गडग्याशीच गेले. झावळ्या नीट करायच्या होत्या.

"काय? पुलर? जयगडहून येणार? मग उद्याच आणा! सकाळीच या. सोबत दोघंतिघं माणसं घेऊन या, एकट्यादुकट्याचं काम नाही. आणि ते बत्तीस…"

आणि नेमकी त्याच वेळी माडावरनं झावळी पडली. धप्प!

"…पाना पण लागणार. हो. जमलं तर उद्याच उरकून टाकू. सोमवारी बोटी लागतात, त्याच्या आत मला मोकळं व्हायचंय."

फोन बंद. बाळूभावजी घरात गेले. मी तिथेच उभी.

आता मी शाळा नववीपर्यंत शिकले असेन, पण दोन आणि दोन मला करता येतात. जयगडहून माणसं येणार. बत्तीस पानं लागणार. विड्याची पानं मांडतात जोडीने, म्हणजे सोळा विडे. नुसतं मुलगी बघायला कुणी सोळा विडे मांडतं? म्हणजे बघणं आणि सुपारी फोडणं एकाच दिवशी! आणि ही गोष्ट मला, मला, कुणी सांगितली नाही! जिच्या मांडीवर पोरगी वाढली, तिला गडग्यावरनं कळतंय!

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. मग म्हटलं, सुनंदे, रडायला वेळ नाही. उद्या सकाळी पाहुणे येतायत आणि त्या सुगंधाच्या घरात धड चार बश्या सारख्या नाहीत.

संध्याकाळी आमचे हे दुकानातून आले. ह्यांचं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर दातांत टाचण्या धरून ह्यांना न बोलायची सवय झालीय.

"अहो, पुलर आडनाव ऐकलंय का कधी?"

"पुलर?" ह्यांनी चप्पल काढता काढता वर पाहिलं. "अगं, पुलर म्हणजे ते…"

"मला वाटतं दक्षिणेकडचे असावेत," मी म्हटलं. "जयगडला बंदरामुळे कुठली कुठली माणसं येऊन राहिलीत. चांगली नोकरी असणार."

"अगं, पण पुलर हे…"

"तुम्ही उडदाची डाळ आणा आधी! आणि विड्याची पानं. बत्तीस. मोजून घ्या, तो मेला पानवाला फाटकी घालतो मधे."

ह्यांनी परत चप्पल घातली. बाकी माणूस गुणाचा आहे हो.

डाळ का? अहो, इडलीला! पाहुणे दक्षिणेकडचे, त्यांच्यापुढे काय घावणे ठेवायचे?

ह्यांची पाठ वळली तशी मी मेघनाला गडग्याशी बोलावलं.

"मेघू, उद्या ती आकाशी साडी नेस गो बाय."

"का काकी? उद्या रविवार. मी केस धुणार आहे."

"पाहुणे येतायत तुला बघायला. जयगडचे. पुलर."

"कोण पुलर?"

"तुझ्या बाबांनी ठरवलंय. जमलं तर उद्याच सुपारी." गंजाचं मी गाळलं. मीही माणूस आहे.

मेघनाचा चेहरा पांढराफटक. आत पळाली. मला वाटलं, लाजली! नंतर तिनेच सांगितलं काय झालं ते. आत जाऊन तिने बापाला विचारलं, "बाबा, उद्या जयगडहून कोण येणार आहे का?" आणि आठवडाभर गाडीखाली झोपून वैतागलेला तो बाप म्हणाला, "हो, पुलर येतोय. आणि उद्या मध्ये कुणी बोलू नका, एकदाचं सुटू दे मला!"

आता बोला!

रविवारी सकाळी माझ्या पहिल्या इडल्या पात्रातून निघतायत, तर दारात आमचा निलेश. आमचा एकुलता एक, चिपळूणला शेतीच्या औषधांच्या दुकानात असतो. दोन आठवड्यांनी एकदा येतो, मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन. आज पिशवी नाही, केस विंचरलेले, आणि पहिल्या गाडीने आलेला.

"इडल्यांचा वास चिपळूणपर्यंत आला काय रे?"

"आई, ते पुलर आले का?"

"तुला कसं ठाऊक?"

"कळलं," एवढंच बोलला आणि मागच्या दाराने गडग्याकडे गेला.

मला इतका अभिमान वाटला! म्हटलं, पोरगा माझ्यावर गेलाय. चिपळुणात बसून वाडीतलं कळतं त्याला.

मी ताट सजवलं. मध्ये नारळ, भोवती पानांचे विडे, वर सुपाऱ्या. जरीची साडी नेसले आणि बाळूभावजींच्या अंगणात गेले. तिथे काय, तर इक्बालभाई मेकॅनिक आलेले. बाळूभावजी बनियनवर, कोपरापर्यंत काळे. मला वाटलं, निदान आज तरी अंघोळ करायची!

माझ्या हातातलं ताट बघून बाळूभावजींचे डोळे भरून आले.

"वैनी! नारळ आणलात? तुम्हाला कळलं कसं?"

"मला कळतं हो सगळं," मी म्हटलं. जरा टोमणाच मारला.

"माझ्या मनात होतंच, हात लावायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं. आठवडाभर सगळे उपाय थकले, आता देवच!"

मी म्हटलं, बरोबर आहे. लेकीच्या शुभकार्याआधी गाऱ्हाणं घातलंच पाहिजे. फक्त त्यांनी नारळ घेऊन गाडीच्या पुढ्यात ठेवला, तेव्हा जरासं नवल वाटलं. पण तीच घरची लक्ष्मी, तिच्यासमोर ठेवला असेल. तुम्हाला सांगते, माणसाला एकदा समजलंय असं वाटलं ना, की मग पुढचं सगळं आपोआप त्यात बसतं.

बाळूभावजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. इक्बालभाईंचा आवाज सगळ्यात मोठा.

"आज तुझ्या लेकराचं काम अडलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जां काय इतकी वर्षं घट्ट धरून बसलंय, तां आज कसलीही मोडतोड न होता सुखरूप सुटून बाहेर येऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मोडतोड न होता! बापाचं काळीज ते. खिडकीत मेघना उभी होती, तिचेही डोळे लाल. मी पदराने डोळे पुसले आणि तिला हातानेच खूण केली, साडी नेस, साडी! तिने खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात एक छोटा टेम्पो येऊन थांबला. दोन माणसं उतरली. पुढचा तरुण, उंच, चांगला इस्त्रीचा शर्ट. मी मनात म्हटलं, जोडा शोभेल. लगबगीने पुढे झाले.

"या, या! प्रवास बरा झाला ना? तुम्हीच का पुलर?"

तो गोंधळला. "नाही काकी. पुलर मागे आहे."

"मागे?"

"हौद्यात. गोणपाटात गुंडाळून दोरीने बांधून आणलाय. खड्ड्यात फार उडतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नवरामुलगा? गोणपाटात? बांधून? म्हणजे त्यालाही हे लग्न नको होतं की काय?

मग त्या दोघांनी हौद्यातून ते गाठोडं उतरवलं, धप्पकन अंगणात टाकलं आणि गोणपाट सोडलं. आत एक लोखंडी राक्षस. तीन वाकडे पाय, मधोमध जाडजूड आट्यांचा दांडा, सगळीकडे ग्रीस.

"हा पुलर," तो पोरगा म्हणाला. "तीन पायांनी हब धरतो आणि खेचतो."

"आणि बत्तीसचा पाना?" इक्बालभाईंनी विचारलं.

त्या पोराने माझ्या हाताएवढा लांब एक पाना काढून त्यांच्या हातात दिला.

बत्तीसचा पाना.

मी माझ्या हातातल्या ताटाकडे बघितलं. बत्तीस पानं. हिरवीगार, एकही फाटकी नाही. हळूच पदराखाली घेतली.

आता मला फक्त एकच करायचं होतं. मागच्या दाराने जाऊन मेघनाला सांगायचं, बाय माझे, काकी चुकली, साडी नको नेसू, केस धू. मी दोन पावलं मागे सरकले. पण सुगंधाने धरलं.

"कुठे निघालात? बघा तरी, आज निघतो का हा मेला हब. सोमवारी बोटी लागायच्या आत गाडी नाही सुटली तर जेटीवरचं काम दुसऱ्याला जाणार. आठवडाभर झोप नाही ह्यांना."

मग त्यांनी पुलर लावला. तीन पायांनी हब धरला. इक्बालभाईंनी गॅसच्या ज्योतीने हब तापवायला घेतला. बाळूभावजी आणि तो इस्त्रीवाला पोरगा पाना फिरवायला लागले. कर्र… कर्र… दांडा ताणला गेला. सगळे श्वास रोखून.

"अजून थोडं! सोडू नका!" इक्बालभाई ओरडले.

आणि दारातून मेघना बाहेर आली. आकाशी साडी नव्हतीच. जुना ड्रेस, केस पिंजारलेले, नाक लाल.

"बाबा! त्या पुलरांना परत पाठवा. मी त्यांच्याशी लग्न करणार नाही!"

पाना थांबला. गॅस तेवढा सूं करत राहिला.

बाळूभावजींनी मेघनाकडे बघितलं. मग पुलरकडे बघितलं. मग परत मेघनाकडे.

"पुलरशी?" ते म्हणाले. "पुलरशी कोण लग्न करायला सांगतंय तुला?"

"काकी म्हणाल्या!"

अख्खं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मी पदर सावरला, तर खालून एक विडा पडला. मग दुसरा.

इक्बालभाईंना हसू आवरेना. "तसं स्थळ वाईट नाही हां वैनी. अंगाने मजबूत, व्यसन कसलं नाही. अधूनमधून ग्रीस लावलं की झालं!"

"गप्प रे!" बाळूभावजी तापले होते. "आणि तू गो, पुलरशी नाही तर कोणाशी करायचंय लग्न? बोल!"

मेघना खाली बघत राहिली. आणि माझ्या पाठीमागून, शेवग्याच्या बाजूने, बारीकसा आवाज आला.

"माझ्याशी."

मी वळले. आमचा निलेश!

आणि त्याच क्षणाला, कुणी हातही न लावता, धाडकन आवाज झाला! तोफ उडाल्यासारखा! तापलेला, ताणलेला तो हब पुलरसकट उडून अंगणात पडला. कोंबड्या कौलांवर. सुगंधा खाली बसली. मी ताट टाकून दिलं.

"सुटला!" बाळूभावजी हबकडे धावले. चहूबाजूंनी उलटसुलट बघितला. "कुठे चीर नाही, काही नाही! इक्बालभाई, सुटला हो!" अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं. वळले. निलेशकडे बोट केलं. "काय म्हणालास रे तू?"

निलेश दोन पावलं पुढे आला. "काका, माझ्याशी. म्हणजे, तुमची परवानगी असली तर."

बाळूभावजींनी काळ्या हातांनी डोकं खाजवलं. मग सुगंधाकडे बघितलं. सुगंधा जमिनीवरूनच म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? गाऱ्हाणं तुम्ही घातलंत. आता सुटलंय तर सुटलंय."

काय सांगू, त्याच दिवशी सुपारी फुटली! खाली पडलेली पानं मी पुसून परत मांडली. सोळाचे सोळा विडे लागले. नारळ गाऱ्हाण्याचाच होता. इडल्या होत्याच, जयगडच्या पाहुण्यांनी बश्या भरभरून खाल्ल्या. त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याने तर निघताना विचारलं, "काकी, तुम्ही दक्षिणेकडच्या का?" पुलर पायरीशी उन्हात बसलेला. मी त्याला हळदकुंकू लावलं. का नाही लावायचं? जमवलं कुणी?

सोमवारी नवीन बेअरिंग बसून गाडी बोटी लागायच्या आत जेटीवर पोचली. बाळूभावजी आता माझे व्याही झाले, पण बोलतात अजून शेवग्याखालीच.

सुपारीच्या त्या रात्री मात्र मला झोप येईना. म्हटलं, वाडीत कुणाची कोंबडी कुठे अंडं घालते ते मला ठाऊक, आणि माझ्याच पोराचं माझ्याच गडग्यावर चाललेलं मला कसं दिसलं नाही? आमचे हे बाजूला शांत पडलेले.

"अहो, पुलर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि निलेश-मेघनाचं?"

"वर्षभर तरी झालं असेल."

मी उठून बसले. "वर्षभर! मग मला सांगितलं का नाहीत?"

"कितीदा सांगायला आलो विहिरीवर," हे म्हणाले आणि कुशीवर वळले. "पण शेजारी बोलले की तू पंप बंद करतेस. मी बोलतो तेव्हा चालूच असतो."